पद्मिनीचा मास्टर सिलिंडर: पेडल कडक, ब्रेक ढिले

प्रीमियर पद्मिनीला नवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला प्रेशर देणारा भाग) बसवल्यावर पेडल कडक झालं, पण गाडी थांबेना. ब्रेकच्या पाइपांतली एअर काढली, ब्रेक शू ॲडजस्ट केले, फरक शून्य. जीव अगदी मेटाकुटीला आला.

शेवटी उद्यमनगरात जुना आणि नवा, दोन्हींचे बोअर, म्हणजे आतले व्यास, मोजून घेतले. जुना 19.05 मिमी (पाऊण इंच), नवा 22.2. बोअर मोठा की तेवढ्याच पायाच्या जोराला ऑइलचं प्रेशर कमी. इथे जवळपास चौथा हिस्सा गेला होता. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून दुकानात मोजायला व्हर्नियर घेऊनच जा.

पाऊण इंची आणला. बोल्टच्या भोकांमधलं अंतर, पाइपचे आटे, पुशरॉडची (पेडलकडून सिलिंडरात जाणाऱ्या दांड्याची) खोली जुन्याशी ताडून पाहिली. व्हाइसमध्ये धरून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल भरलं, मग बसवला. पुशरॉडला किंचित ढील ठेवली. ती नसेल तर ब्रेक धरून राहतात. एअर मागच्या डाव्या चाकापासून काढली, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. आता ब्रेक नीट लागतात.