हिरड्यांतील जिवाणू आणि तोंडाचा कर्करोग: काळजी कशी घ्यावी

दात घासून चूळ भरताना पाण्यात रक्ताची गुलाबी रेघ दिसली की बहुतेक जण त्या जागी ब्रश फिरवायचेच टाळतात आणि नेमके तेथेच दुखणे वाढते. दात व हिरडी जेथे मिळतात त्या कडेवर जिवाणूंचा चिकट थर साचतो. तो निघाला नाही तर हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि मधल्या खोबणीत प्राणवायूविना वाढणाऱ्या जिवाणूंना आयतीच जागा मिळते.

तोंडात जिवाणूंच्या सातशेहून अधिक जाती आढळल्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपयोगीच आहेत. तोंडाच्या कर्करोगाशी जिवाणूंचा संबंध शोधताना संशोधकांचे लक्ष प्रामुख्याने दोघांकडे आहे: पॉर्फिरोमोनस जिंजिव्हालिस आणि फ्युझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम. पहिला जिवाणू आपल्या विकरांनी (एन्झाइमांनी) प्रतिकारशक्तीची प्रथिने तोडतो आणि प्रयोगशाळेत असे दिसले आहे की हिरडीच्या ज्या पेशींनी वेळेवर मरायला हवे, त्यांचे मरण तो लांबवतो. दुसऱ्याची युक्ती अधिक धूर्त आहे. त्याच्या पृष्ठभागावरील फॅप२ हे प्रथिन कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या नैसर्गिक मारक पेशींवरील ‘टिजिट’ नावाच्या ग्राहीला (पेशीवरील संकेत घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटते. हा ग्राही म्हणजे त्या पेशींचा जणू ब्रेकच असल्यामुळे तो दाबला गेला की मारा मंदावतो. याखेरीज वर्षानुवर्षे टिकणारी सूज स्वतःच पेशींच्या जनुकांना इजा करत राहते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कर्करोगाच्या गाठीत हे जिवाणू सापडले म्हणून गाठ त्यांनीच निर्माण केली असे ठरत नाही. गाठीच्या खडबडीत, प्राणवायू कमी असलेल्या भागात ते मागाहूनही वस्तीला येऊ शकतात. तंबाखू, मद्य आणि सुपारी यांचा दोष मात्र सिद्ध झालेला आहे. म्हणून काळजीची सुरुवात ब्रशपासून नव्हे, तर या तीन गोष्टी सोडण्यापासून करावी. त्यातही मद्याचा जिवाणूंशी थेट संबंध आहे, कारण तोंडातील काही जिवाणू मद्यापासून अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार करतात आणि मद्यपानाशी निगडित अ‍ॅसिटाल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटातील, म्हणजे माणसात कर्करोग घडवतो हे सिद्ध झालेला, कर्करोगकारक ठरवले आहे.

त्यानंतर रोजची स्वच्छता. मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी साधारण पंचेचाळीस अंशांत तिरका धरावा आणि फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन मिनिटे, जोर न लावता लहान लहान हालचालींनी घासावे. दोन दातांच्या फटीत ब्रश पोहोचत नाही, तेथे दातांसाठीचा दोरा (फ्लॉस) किंवा फटीचा बारीक ब्रश रोज वापरावा. सुरुवातीला थोडे रक्त आले तरी थांबू नये. सूज उतरली की ते बंद होते. आठ-दहा दिवसांतही थांबले नाही तर दंतवैद्याकडून दातांची सफाई करून घ्यावी, कारण टणक झालेले कीटण घरी निघत नाही. (सफाईने दात हलू लागतात, हा समज चुकीचा आहे, दात आधीच सैल झालेले असतात, कीटणाने ते झाकलेले असते एवढेच.) जंतुनाशक औषधाने महिनोन्‌महिने चुळा भरणे किंवा मनाने प्रतिजैविके घेणे टाळावे, कारण त्यांनी उपयोगी जिवाणूही मरतात.

महिन्यातून एकदा आरशासमोर चांगल्या उजेडात तोंड तपासावे. कवळी असल्यास काढावी. ओठ उलटून, दोन्ही गाल बोटाने बाजूला ओढून आतली त्वचा पाहावी. मग कोरड्या कापडाने जिभेचे टोक धरून ती एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे ओढावी, कारण जिभेची कड आणि तिच्या खालचा भाग या सहज नजरेआड राहणाऱ्या, पण महत्त्वाच्या जागा आहेत. पांढरा चट्टा, त्याहूनही संशयास्पद असा लाल मखमली चट्टा, टणक कडेचा व्रण, मानेतील न दुखणारी गाठ किंवा तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काहीही संशयास्पद मानावे. दुखत नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही.

टोकदार दात जिभेला लागून जखम झाली असेल तर तो गुळगुळीत करून घ्यावा आणि तारीख लिहून ठेवावी. दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर मलमे बदलत न बसता दंतवैद्याला दाखवावे. गरज वाटल्यास तो जखमेचा छोटा तुकडा काढून तपासण्यास (बायॉप्सी) सांगेल. तुकडा काढल्याने रोग पसरेल या भीतीपोटी ती तपासणी लांबवू नये.