टर्बो गाडीसाठी घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर

जुन्या टर्बो पेट्रोल गाडीचा बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवायचा विषय काढला की इंदूरच्या गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो: 'भिया, वेस्टगेट का पाइप निकाल दो, गाडी उडेगी.' हा सल्ला ऐकू नका. नळी काढली की बूस्टला वरची हद्दच उरत नाही, आणि पिस्टन फुटायला मानपूरच्या घाटातला एक चढ पुरतो. बूस्ट वाढवणं मुळात सोपं आहे. काही बिघडलं तर तो आपोआप खाली आला पाहिजे, ही खरी कारागिरी, आणि या लेखातली प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

आधी काम कसं चालतं ते पाहू. टर्बोच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला वेस्टगेट नावाची झडप असते. तिला ढकलणाऱ्या अॅक्च्युएटरच्या डबीत एक पडदा आणि एक स्प्रिंग असते. बूस्टचा दाब नळीतून पडद्यावर येतो, स्प्रिंगवर मात करतो, झडप उघडते आणि जास्तीचा धूर टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. आपला कंट्रोलर या नळीतला थोडा दाब सोडून देतो. अॅक्च्युएटरला खऱ्यापेक्षा कमी दाब जाणवतो, झडप उशिरा उघडते आणि बूस्ट वाढतो.

हा प्रयोग हवेच्या दाबावर चालणारं वेस्टगेट असलेल्या गाड्यांसाठीच आहे, उदाहरणार्थ फियाट लिनिया टी-जेट. नव्या गाड्यांमध्ये झडप विजेच्या मोटरने हलते आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) टॉर्कचा हिशेब सतत तपासत असतो. तिथे बाहेरून डबी जोडून उपयोग नाही, त्रासच होईल. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो. म्हणून ही गाडी डायनोसाठी (जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रासाठी) आणि बंद ट्रॅकसाठीच ठेवा.

सामान फार नाही. आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), एमपीएक्स4250एपी हा दाबाचा सेन्सर, 12 व्होल्टचा तीन तोंडांचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, आयआरएलझेड44एन मॉसफेट (व्हॉल्व्हची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), एक 1एन4007 डायोड, 220 ओहम आणि 10 किलोओहमचे रेझिस्टर, एलएम2596 चं बक मॉड्यूल (व्होल्टेज कमी करणारं), 24 व्होल्ट श्रेणीचा टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचे अचानक झटके शोषणारा) आणि 2 अँपिअरचा फ्यूज. इलेक्ट्रॉनिक्सचं बरंचसं सामान महाराणी रोडवर मिळतं, नळ्यांचे क्लॅम्प सियागंजात. व्हॉल्व्ह मात्र चांगल्या प्रतीचा घ्या. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांत येणारा एन75 चालतो, मॅक कंपनीचा औद्योगिक व्हॉल्व्हही चालतो. मॅकची कॉइल 5.4 वॉटची असते, म्हणजे साधारण अर्धा अँपिअर. मॉसफेटला हे काहीच नाही, त्यामुळे हीटसिंक लागत नाही.

व्हॉल्व्हची तोंडं ओळखताना छापील आकड्यांवर विसंबू नका, कारण प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे. तोंडाने फुंकून बघा. वीज नसताना जी दोन तोंडं आपसात जोडलेली सापडतील, त्यातलं एक टर्बोच्या कॉम्प्रेसरकडे आणि दुसरं अॅक्च्युएटरकडे जाईल. मग 12 व्होल्ट द्या. टक् असा आवाज येईल. आता अॅक्च्युएटरचं तोंड तिसऱ्या तोंडाशी जोडलं गेलं पाहिजे आणि कॉम्प्रेसरचं तोंड बंद झालं पाहिजे. तिसरं तोंड एअर फिल्टरनंतरच्या, टर्बोच्या आधीच्या पाइपात सोडा. वायर तुटली, फ्यूज उडाला किंवा आर्डुइनो बंद पडला, तर या जोडणीत सगळा दाब अॅक्च्युएटरला मिळतो आणि बूस्ट स्प्रिंगच्या मूळ पातळीवर येतो. जोडणी उलटी झाली तर नेमकं याच्या विरुद्ध घडेल, म्हणून ही तपासणी दोनदा करा.

सर्किट साधं आहे. ड्रेन, सोर्स आणि गेट हे मॉसफेटचे तीन पाय. व्हॉल्व्हचं एक टोक फ्यूजमधून इग्निशनच्या 12 व्होल्टला, दुसरं मॉसफेटच्या ड्रेनला, सोर्स अर्थला. डायोड कॉइलला समांतर लावा, पट्टीची बाजू धन टोकाकडे. आर्डुइनोच्या 9 क्रमांकाच्या पिनपासून 220 ओहममधून गेटला, आणि गेटपासून अर्थला 10 किलोओहम. हा 10 किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका. आर्डुइनो रीसेट होतो तेव्हा पिन अधांतरी असते आणि गेटला शून्यावर धरून ठेवायला तेवढाच असतो.

व्हॉल्व्हची वीज झपाट्याने चालू-बंद करायची पद्धत म्हणजे पीडब्ल्यूएम, आणि प्रत्येक चक्रात वीज चालू राहण्याचा वाटा म्हणजे ड्यूटी. आर्डुइनोच्या पीडब्ल्यूएमची मूळ गती सुमारे 490 हर्ट्झ असते. एवढ्या वेगात व्हॉल्व्हचा दांडा हलूच शकत नाही, नुसता थरथरतो. आपल्याला 30 हर्ट्झच्या आसपास हवं. टायमर 1 फेज-करेक्ट मोडमध्ये ठेवा, प्रीस्केलर 8 आणि कमाल मूल्य 33333 द्या, बरोबर 30 हर्ट्झ मिळतात. यात एक धोका लपलेला आहे. प्रोग्राम अडकला तरी टायमर शेवटची ड्यूटी देतच राहतो. म्हणून वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की आर्डुइनो आपोआप रीसेट करणारा टायमर) चालू ठेवणं सक्तीचं समजा.

प्रोग्रामचा क्रम असा ठेवा. लक्ष्याच्या 25 किलोपास्कल खाली असेपर्यंत ड्यूटी जास्त ठेवा, म्हणजे झडप बंद राहते आणि टर्बो लवकर फिरतो. त्यापुढे पीआय नियंत्रण, म्हणजे लक्ष्य आणि खरा दाब यांतला फरक पाहून ड्यूटी सतत कमी-जास्त करणं. दाब लक्ष्यापेक्षा 10 किलोपास्कलने वर गेला की ड्यूटी थेट शून्य. सेन्सरचा व्होल्टेज 0.2 च्या खाली किंवा 4.7 च्या वर गेला तरी शून्य, कारण वायर तुटल्याची ती खूण आहे.

सेन्सर तपासायला घरातलं बीपी मोजायचं जुनं यंत्र उत्तम. सेन्सर आधी मोकळ्या हवेत ठेवा. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब साधारण 95 किलोपास्कल असतो आणि सेन्सरचा व्होल्टेज 1.7 च्या जवळ यायला हवा. मग बीपी यंत्राच्या फुग्याची नळी सेन्सरला लावून काटा 150 वर न्या. हे पाऱ्याचे 150 मिलिमीटर म्हणजे 20 किलोपास्कल, आणि व्होल्टेज 2.1 पर्यंत चढला पाहिजे. फुगा दाबल्यावर मीटरवरचा आकडा सरकताना दिसला की सेन्सर, वायरिंग आणि प्रोग्राममधलं गणित तिन्ही एका फटक्यात तपासून होतं.

गाडीवर बसवताना व्हॉल्व्ह एक्झॉस्टच्या उष्णतेपासून लांब आणि नळ्या शक्य तितक्या आखूड ठेवा. पहिली फेरी ड्यूटी शून्यावर घ्या आणि मूळ बूस्ट लिहून ठेवा. मग 5-5 टक्क्यांनी वाढवत जा. प्रत्येक वेळी शिखराचा दाब आणि स्थिर दाब दोन्ही नोंदवा. हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर नसेल तर हे काम सुरूच करू नका. मूळ दाबापेक्षा 15 ते 20 किलोपास्कलपर्यंतच जा. त्यापुढे इंजेक्टर, इग्निशन आणि ईसीयूचं ट्यूनिंग बदलावं लागतं, आणि तो वेगळा विषय आहे. पिंगिंगचा, म्हणजे नॉकचा (इंधनाच्या अवेळी स्फोटाचा) टणटण आवाज आला की लगेच पाय काढा. मे महिन्यात इंदूरचा पारा 40 च्या वर जातो, तेव्हा आत जाणारी हवा तापलेली असते आणि नॉक लवकर सुरू होतो. अंतिम सेटिंग अशाच दिवसात पक्कं करा.

दोन बिघाड मात्र या रचनेत आपोआप सावरत नाहीत. पहिला, मॉसफेट शॉर्ट होणं. तसं झालं तर व्हॉल्व्ह कायम चालू राहील आणि प्रोग्रामला काहीच करता येणार नाही. यासाठी व्हॉल्व्हच्या 12 व्होल्टच्या वायरीत एक नॉर्मली क्लोज्ड प्रेशर स्विच टाका. तो लक्ष्यापेक्षा थोड्या वरच्या दाबाला वीज तोडतो, तीही आर्डुइनोला न विचारता. दुसरा, अॅक्च्युएटरची नळी निसटणं किंवा तडकणं. इथे कोणतंच सर्किट कामाचं नाही. म्हणून सिलिकॉनची जाड नळी वापरा, दोन्ही टोकांना क्लॅम्प लावा, आणि ट्रॅकवर नेण्याआधी दर वेळी बोनेट उघडून प्रत्येक जोड बोटाने ओढून बघा.