विहिरीच्या पाण्यात नायट्रेट वाढलंय? या चुका टाळा

"पाणी काचेसारखं आहे, चवही गोड आहे, मग तपासायचं कशाला?" नायट्रेटच्या बाबतीत पहिली चूक इथेच होते. नायट्रेटला रंग, वास, चव काहीच नसतं. टीडीएस मीटरही सगळे क्षार मिळून एकच आकडा दाखवतं, त्यात नायट्रेट किती ते कळत नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात देशातल्या 440 जिल्ह्यांमध्ये नायट्रेट मर्यादेबाहेर आढळलं. आपल्याकडचे वर्धा, बुलढाणा, अमरावती त्यात आहेत.

सगळ्यात महागात पडणारी चूक शेतात होते: युरिया टाकायचा आणि पाट भरून पाणी सोडायचं. युरिया विरघळून पाण्याबरोबर सरळ खाली जातो, कारण मातीचे कण त्याला धरत नाहीत. जमिनीत राहिला तर काही दिवसांत त्याचा अमोनियम होतो. अमोनियमवर धन भार आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण, त्यामुळे तो तिथे अडकतो. पण पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. त्यावरही ऋण भारच, म्हणजे मातीशी त्याचं जमतच नाही. पाणी जिथे जाईल तिथे ते जाणार. म्हणून खत दिल्यानंतर हलकं पाणी द्या आणि पुढची पाळी वापसा (माती ना चिखल, ना कोरडी) बघून द्या. 2015 पासून युरिया निंबोळी-लेपित मिळतो, तो युरियाचं नायट्रेट होणं लांबवतो, थांबवत नाही.

सुरू उसाला (हिवाळ्याच्या शेवटी लावलेल्या) हेक्टरी 250 किलो नत्राची, म्हणजे नायट्रोजनची, शिफारस आहे. युरियाच्या हिशोबात एकरी 45 किलोच्या साधारण पाच गोण्या. त्यातला लागणीच्या वेळी फक्त 10 टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी 40, बारा ते सोळा आठवड्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला (उसाला मातीची भर देताना) 40 टक्के द्यायचा असतो. मजूर मिळत नाहीत म्हणून दोन हप्ते एकदम उरकले जातात. अडचण खरी आहे, पण लहान उसाची मुळं एवढं नत्र उचलूच शकत नाहीत. उरलेलं मुरमातून विहिरीत उतरतं. ठिबक असेल तर तेच खत थोडं थोडं देता येतं. काळ्या रानाला भेगा पडलेल्या असताना खत फेकू नका, पहिल्या मोठ्या पावसात पाणी भेगांतून खाली धावतं.

एक हिशोब सहसा कोणी करत नाही. विहिरीच्या पाण्यात लिटरला 90 मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर त्यात नत्र सुमारे 20 मिलिग्रॅम. एका एकराला तीन इंच पाणी म्हणजे साधारण तीन लाख लिटर, त्यातून सहा किलो नत्र. ते 13 किलो युरियाच्या बरोबरीचं. अशा दहा पाळ्या झाल्या की जवळपास तीन गोण्या विहिरीनेच दिल्या. तेवढं खत कमी करा, पैसेही वाचतील.

अहवाल वाचतानाही गफलत होते. भारतीय मानकानुसार मर्यादा 45 मिलिग्रॅम प्रति लिटर, पण ती नायट्रेटची. काही प्रयोगशाळा नायट्रेट-नायट्रोजन लिहितात, तिथे तीच मर्यादा साधारण 10 होते. "आमचा आकडा फक्त 18" म्हणून निर्धास्त होण्याआधी कोणतं एकक छापलंय ते बघा.

नायट्रेट जास्त निघालं, पण खत फारसं वापरलेलं नसेल, तर नजर विहिरीभोवती फिरवा. उकिरडा, गोठ्याचं पाणी, संडासाचा शोषखड्डा यांपैकी काय जवळ आहे? अहवालात क्लोराइड वाढलेलं आणि मैल्या-शेणातून येणारे कोलिफॉर्म जिवाणूही सापडले, तर संशय आधी तिकडेच.

आणि कृपा करून पाणी उकळून बाळाला देऊ नका. उकळल्यावर पाणी वाफ होऊन जातं, नायट्रेट मागे राहतं आणि प्रमाण उलट वाढतं. तुरटी, क्लोरीन यांचाही उपयोग नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं वरचं दूध अशा पाण्यात कालवलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहायची क्षमता घटते, बाळ निळसर पडतं. आरओने नायट्रेट बरंच कमी होतं, तरी त्यातून आलेलं पाणी एकदा तपासून घ्या.

खत आज कमी केलं तरी विहीर लगेच सुधारत नाही. मुरमात आधीच उतरलेलं नायट्रेट पुढची काही वर्षंही झिरपत राहू शकतं. तोवर पावसाळ्याआधी आणि नंतर असे दोनदा नमुने द्या आणि प्यायचं पाणी दुसरीकडून आणा.