डोंगराच्या पायऱ्या अशा गेल्या

वणीजवळच्या आमच्या गावी कापसाची कामं आटोपली की रात्री मी एका काल्पनिक मुलखाचा नकाशा गिम्प या चित्रं काढण्या-बदलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काढतो. सॉलिड नॉइजने, म्हणजे ढगांसारखे आपोआप डाग उमटवणाऱ्या फिल्टरने, उंचसखल भाग तयार केला, त्यावर छटांवरून उठाव दाखवणारा बम्प मॅप चालवला, तर उतार सलग येण्याऐवजी शेताला बांध घालावेत तशा पायऱ्या उमटल्या. आठवडाभर ब्लर, म्हणजे चित्राचा धूसरपणा, वाढवत बसलो. पायऱ्या पुसट व्हायच्या, पण सोबत कडेही पुसले जायचे, आणि मला तर ते कडेच हवे होते.

कारण वेगळंच निघालं. चित्र ८ बिटचं होतं, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त २५६ छटा. लांब उताराला त्या पुरत नाहीत. 'इमेज'मधल्या 'प्रिसिजन'मध्ये १६ बिट निवडलं की ६५,५३६ मिळतात, गिम्प २.१० मध्ये ही सोय आहे. जुनं चित्र नुसतं बदलून भागत नाही, नॉइज नव्याने काढावा लागतो. फाइल जड होते, होऊ द्या.

नद्या मात्र हातानेच काढतो. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, तशा माझ्याही नद्या खाली येताना एकमेकींना मिळतात. आता त्यांना वाहायला दऱ्या आहेत.