सर्वांत लहान आकडा शून्य येतोय?

एक्सेलमध्ये 'मिन' (MIN, सर्वांत लहान आकडा शोधणारं सूत्र) लावलं की पुष्कळदा उत्तर शून्य येतं, कारण माहिती नसलेल्या जागी कुणीतरी शून्य भरलेलं असतं. रिकामा कप्पा मिन सोडून देतं, शून्य सोडत नाही.

२०१९ पासूनच्या आवृत्तीत 'मिनइफ्स' (MINIFS, अट लावून सर्वांत लहान आकडा शोधणारं सूत्र) आहे, तेच वापरा:
१. पहिल्यांदा आकड्यांचा रकाना द्या.
२. अटीसाठीही तोच रकाना.
३. अट अवतरणचिन्हांत: 'पेक्षा मोठे'चं चिन्ह आणि लगेच शून्य.

१२, ०, ५, ७ मधून आता ५ मिळेल. यादीत ऋण संख्या असतील तर ही अट चालणार नाही, त्याही गळतील.

एक जपा: मजकूर म्हणून साठलेले आकडे दोन्ही सूत्रं मुकाट्याने वगळतात, आणि खरा सर्वांत लहान आकडा नेमका त्यांत असू शकतो. असे आकडे बहुधा कप्प्यात डावीकडे चिकटलेले दिसतात. आधी ते संख्येत बदलून घ्या.