जुनं खत सापडलं की आधी चतुःसीमा वाचा

आजीच्या ट्रंकेत पत्र्याचं नळकांडं निघालं, त्यात मोडीतला एक कागद, जमिनीच्या व्यवहाराचं खत. घरात पहिला प्रश्न अर्थात "ह्यात आपलं नाव आहे का?" मी म्हणतो, आधी चतुःसीमा, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंच्या हद्दी; नावाकडे सगळ्यात शेवटी जा. एका वाडीत एकाच नावाचे चारजण असतात, आणि जुन्या खतात आडनाव पुष्कळदा नसतंच. ‘अमका बिन तमका’ एवढ्यावर भागवलेलं. बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको.

भर पावसाळ्यात कागद उलगडू नका, घडीवरच तुटतो. सेलोटेप नको. लॅमिनेशन तर नकोच. आमच्या चुलतभावाने एक खत हौसेने करून आणलं, ते आता कायमचं प्लॅस्टिकात अडकलंय. खिडकीच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागची बाजू कोरी वाटली तरी.

मग तारीख. आमच्या कागदावर ‘शके 17’, मग घडीत गेलेला एक आकडा, मग ‘1’. पण पुढे ‘शुक्लनाम संवत्सरे, माघ वद्य’ स्वच्छ होतं. संवत्सरांची नावं साठ वर्षांनी फिरून येतात. शकात 12 मिळवायचे, 60ने भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक: प्रभव पहिला, विभव दुसरा, शुक्ल तिसरा. ह्या हिशेबात 1731 आणि 1791 हे दोनच बसले. कागदाच्या डोक्यावर राणीचा छाप होता, आणि 1731 म्हणजे इसवी 1809, तेव्हा इथे कोकणात पेशवाई. म्हणजे 1791च. एरवी शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण माघ जानेवारीच्या पलीकडचा, म्हणून 79. साल निघालं 1870. ‘खमसैन’, ‘मया व अलफ’ असे अरबी आकडे शब्दांत दिसले तर तो शुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांत चालणारा. त्यात 599 किंवा 600 मिळवा.

मोडी वाचणाऱ्याकडून ओळीला ओळ लिप्यंतर मागा, सारांश नको. आम्ही सारांशावर समाधान मानलं. "खरेदीखत आहे" असं ऐकून घरात पेढे वाटले गेले.

जमीन सापडते ती चतुःसीमेवरून. आमच्या खतात सर्व्हे नंबर नव्हता, होतं ‘कोंडीचे ठिकाण’, म्हणजे जमिनीच्या तुकड्याचं गावातलं नाव. पूर्वेस गडगा (दगडी कुंपण), पश्चिमेस पाणंद (वाट), दक्षिणेस खोताचे आगर (बाग), उत्तरेस व्हाळ (ओढा). ठिकाणांची नावं कार्यालयात मिळत नाहीत, ती गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी असतात. शेजारच्या काकूंनी बसल्या जागेवरून हात दाखवला, "ती काय कोंड, व्हाळाकडची." मग गावनकाशावर नंबर शोधला.

तिथून उलट चालायचं. आजच्या सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक धरून तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) मागा, भूमी अभिलेखात टिपण (मोजणीचा कच्चा नकाशा), फाळणी (पोटहिश्शांचा नकाशा) आणि आकारफोड (हिश्शांवर सारा वाटल्याची नोंद). खोती गाव असेल, म्हणजे सारा खोतामार्फत जात असेल, तर बोटखतही (तिथल्या जमिनींची जुनी नोंदवही) विचारा. खोती 1949च्या कायद्याने गेली, पण तिच्या नोंदी पुष्कळ काही सांगतात. खताच्या पाठीवर नोंदणीचा शेरा असेल तर दुय्यम निबंधकाकडे जा. जुन्या कागदावरचा तालुका आजचा असेलच असं नाही: गुहागर तेव्हा चिपळूणचा पेटा (पोटविभाग) होता, सिंधुदुर्ग 1981पर्यंत रत्नागिरीतच होता, आणि श्रीवर्धन-मुरूडकडचे कागद जंजिरा संस्थानाचे असू शकतात.

हे सगळं झाल्यावर मी मागच्या बाजूचा फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. कोपऱ्यात दीड ओळ होती, शाई निराळी, हात निराळा. ती वाचून घेतली आणि मग पुढच्या बाजूचा मजकूरही ओळीला ओळ. ते खरेदीखत नव्हतंच, गहाणखत होतं, आणि पाठीवर ‘रुपये भरून पावले’. कर्ज फिटल्यावर सावकाराने खत परत केलं, म्हणून ते आजीच्या ट्रंकेत होतं.