मांजराची सर्दी: घरी काय करायचं

आमच्या सोनीला पावसाळ्यात सर्दी झाली. नाक चोंदलं, डोळे चिकटले, आणि तिने बांगड्याकडेसुद्धा बघितलं नाही. वास आला नाही की मांजर जेवत नाही, म्हणून आधी नाक मोकळं करायचं. मी बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडते, दार लावते आणि वाफेत तिला मांडीवर घेऊन 10 मिनिटं बसते. पाण्यात निलगिरी, कापूर, बाम काहीही घालू नका. मांजराच्या यकृताला ते झेपत नाही.

उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने डोळे पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. मग चिकन उकडून त्याचं कोमट पाणी द्या. मीठ नको. कांदा-लसूण तर अजिबात नको, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि आपली पॅरासिटामॉलची गोळी? अर्धीसुद्धा जीव घेऊ शकते.

या उपायांनी विषाणू मरत नाही, फक्त मांजराच्या अंगात लढायला बळ राहतं. 24 तास पोटात काही गेलं नाही किंवा ती तोंडाने श्वास घेऊ लागली, तर थेट डॉक्टरांकडे न्या. घरात दुसरं मांजर असेल तर भांडी आजच वेगळी करा.